एकच प्रवेश, दोनदा

शास्त्रीबुवा नाटकाला येणार, हे नानांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा सुहासिनीच्या हातातला लाडू फुटला.

बेसनाचे लाडू ती नाटकासाठीच वळत होती. झाशीच्या रेल्वेतल्या मराठी मंडळींचा पाच दिवसांचा गणपती शुक्रवारी बोळवला होता आणि आज, रविवारी दुपारी, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये तिच्या नवऱ्यानं, मधुसूदननं, लिहिलेला फार्स व्हायचा होता. फार्समध्ये एक मावशी होती आणि मावशीच्या हातात लाडवांचा डबा होता. मावशीचं काम मधुसूदन स्वतःच करणार होता.

"पहिल्या रांगेत मधली खुर्ची ठेवायला सांगितलीय," नाना म्हणाले. मालधक्क्यावरच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि घरातही हुकूम सोडल्यासारखंच बोलत. "काल मी स्वतः मानिक चौकात त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आलो. आपल्या पोराचं नाटक आपल्या व्याह्यांनी बघायला नको? आणि उद्या सकाळी ते इथे येतीलच, अंबिकेला न्यायला. पितृपक्ष लागायच्या आत प्रयागला पोचायचं म्हणतात. पास मी काढून ठेवलाय."

मागच्या खोलीत चाळणीचा आवाज येत होता, तो थांबला. अंबिका तिथे पीठ चाळत होती. अंबिका नानांच्या पहिल्या बायकोची मुलगी, मधुसूदनची धाकटी बहीण. गेल्या माघात तिचा नवरा विषमज्वरानं गेला. त्यानंतर विश्वंभरशास्त्र्यांनी, म्हणजे शास्त्रीबुवांनी, तिच्या सासऱ्यांनी, तिला काही महिने माहेरी राहू दिलं होतं. "गणपती झाले की बहूला पाठवा," असा त्यांचा निरोप होता, "प्रयागला नेऊन सगळं रीतीनं उरकून घेऊ." सगळं रीतीनं म्हणजे काय, हे घरात प्रत्येकाला कळत होतं आणि कुणीही ते तोंडानं बोललं नव्हतं. अंबिकेचे केस कमरेखाली पोचत. हल्ली ती ते ओले असतानाच घट्ट पिळून पदराखाली दडवायची, जणू कुणी पाहिलं नाही तर ते विसरले जातील.

"ऐकलंत का," माई चुलीपुढून न वळता म्हणाल्या, "शास्त्रीबुवांना फराळाचं काय करायचं?" माई म्हणजे यमुनाबाई, नानांची दुसरी बायको. घरातले सगळे सोवळ्या-ओवळ्याचे नियम त्यांच्या हातात होते. अंबिकेचं एकवेळचं पानही त्याच वाढत आणि त्याच उचलत. सुहासिनी नानांना भ्यायची, पण माईंना जास्त भ्यायची.

तिनं फुटलेला लाडू पुन्हा वळला. तो काही केल्या गोल होईना.

बाहेरच्या खोलीत मधुसूदन जुनं नऊवारी नेसून चालण्याचा सराव करत होता. सुहासिनीनं दार लोटून घेतलं.

"अहो, तो प्रवेश गाळा."

"कुठला?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठला. दुसरा. शास्त्रीबुवा येताहेत. पहिल्या रांगेत."

मधुसूदन मटकन खाटेवर बसला. बातमी त्यालाही नवी होती. त्याच्या तोंडाचा रंग उडाला, आणि तिला वाटलं, झालं, आता हे ऐकतील. पण तो हळूच म्हणाला, "दुसरा गाळला तर पहिल्यात काय उरतं? बघ ना. जनू आणि जनी जुळी भावंडं. एकाच महिन्यात त्याची बायको जाते, तिचा नवरा जातो. पहिल्या प्रवेशात मावशी जनूचं सांत्वन करते. लोक हसतात, ते नुसतं हसतात. दुसऱ्या प्रवेशात तीच मावशी, तेच लाडू, तेच शब्द. समोर बसलेलं माणूस तेवढं वेगळं. लोक सवयीनं हसायला तोंड उघडतात, आणि मग..."

"मग काय?"

"ते मलाही ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. मग शास्त्रीबुवा उठतील."

"का उठतील? मावशीला दिसत नाही, तिची चाळशी हरवलीय. जनीलाच ती जनू समजते आणि चुकून बोलते. चुकून बोलल्याबद्दल कुणाला फाशी देत नाहीत, सुहास."

"मावशीला दिसत नाही. शास्त्रीबुवांना दिसतं." तिचा हात आपोआप पोटावर गेला. सातवा सरत आला होता. "वन्सं उद्या जायच्याच आहेत. तुमच्या फार्सनं काय त्यांचा टांगा अडणार आहे? उलट त्या घरात याचा राग त्यांच्यावर निघेल. नानांचं नाक कापलं जाईल ते वेगळंच. माझ्या बाळंतपणाला याच घरात राहायचंय मला. त्यापेक्षा नानांना एकदा स्पष्ट सांगा ना, अंबीला पाठवू नका म्हणून."

मधुसूदननं तिच्याकडे पाहिलं. काजळ घातलेले ते डोळे तिला अनोळखी वाटले.

"नानांसमोर उभं राहिलं की माझी वाचा जाते. लहानपणापासून जाते. बाईचं लुगडं नेसून, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, तेवढंच जमतं मला."

तिनं आतून लाडवांचा डबा आणून त्याच्या हातात दिला.

हॉलमध्ये बायकांसाठी डाव्या बाजूला चिकाचे, बांबूच्या काड्यांचे, पडदे सोडले होते. त्यांच्या बारीक फटींतून पुढचं सगळं दिसायचं, बाहेरून मात्र आत कोण आहे ते कळायचं नाही. सुहासिनी माईंच्या शेजारी बसली. अंबिका घरीच होती. तिनं नाटकाला यायचा प्रश्नच नव्हता. भादव्यातली उमस, तेलाचा, गजऱ्यांचा वास, मुलांची रडारड. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर शास्त्रीबुवांची पांढरी पगडी दिसत होती. झाशीतल्या जुन्या, पेशव्यांच्या वेळेपासूनच्या घराण्यातले ते. परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आत त्यांच्या शब्दाशिवाय मराठी घरात लग्नमुंज होत नसे. भुसावळहून बदलून आलेल्या नानांना अशी सोयरीक मिळाली, तेव्हा सगळ्या कॉलनीत नवल झालं होतं. आता नाना त्यांच्याकडे झुकून काहीतरी सांगत होते आणि स्वतःच हसत होते.

पडदा वर गेला.

जनूचं काम दिवाकर करत होता. दिवाकर तिकीट कलेक्टर, गोल चेहऱ्याचा, आणि तो रडायला लागला की लोकांना हसू आवरत नसे. जनू जमिनीवर बसून मुसमुसत होता. मावशी आली, चाचपडत, दाराऐवजी खुंटीशी बोलत. हॉल हसला. मावशी म्हणाली, "रडू नकोस रे बाबा, डोळे जातील." जनू म्हणाला, "नको मावशी," आणि डोळे पुसून घेतले. मावशी म्हणाली, "गरम गरम दोन घास खा." जनू म्हणाला, "नको मावशी," आणि दोन लाडू उचलले. मग मावशी त्याच्या कानाशी लागली, पण आवाज असा की मालधक्क्यापर्यंत जावा: "वय काय रे तुझं? अख्खं आयुष्य पडलंय पुढं!" आणि तिनं पदराआडून एका मुलीची पत्रिका काढली. जनू म्हणाला, "नको मावशी," आणि पत्रिका उजेडात धरून वाचायला लागला.

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. शास्त्रीबुवाही हसले. त्यांची पगडी मागे गेली, पांढऱ्या मिशा हलल्या. "वाह, भैया, वाह," ते म्हणाले. ते हसत होते म्हणून सुहासिनीला अधिकच भीती वाटली. हसत हसत माणूस किती पुढं आलेला असतो, आणि पुढं खड्डा आहे हे तिलाच तेवढं माहीत होतं.

माई हसल्या नाहीत. त्यांनी पंखा मांडीवर ठेवून दिला होता.

पडदा पडला, पुन्हा उघडला. तीच खोली, तीच खुंटी. दिवाकर त्याच जागी, त्याच बैठकीत बसला होता, पण आता अंगावर विधवेचं लाल आलवण होतं. त्यानं चेहरा बदलला नव्हता, आवाज बारीक केला नव्हता. आणि या वेळी तो मुसमुसत नव्हता. नुसता बसला होता.

हॉलमध्ये थोडं हसू झालं, मग ते विरलं.

मावशी चाचपडत आली, खुंटीशी बोलली. "रडू नकोस रे बाबा, डोळे जातील."

काही पुरुष हसले. चिकाआडच्या बायकांत कुणीतरी श्वास ओढून घेतला.

"नको मावशी," जनी म्हणाली.

"गरम गरम दोन घास खा." डबा पुढं आला. जनीनं लाडवाकडे पाहिलं, हात पुढं केला, मागे घेतला. आता बायका हसल्या, पण ते हसणं चमत्कारिक होतं, तोंडावर पदर धरून केलेलं. पुढं काय येणार ते हॉलमधल्या लहान पोरालाही कळत होतं. पहिल्या रांगेत शास्त्रीबुवांनी दोन्ही हात काठीवर ठेवले आणि ते ताठ झाले. त्यांच्या शेजारी नानांचं हसू तोंडावर राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

मधुसूदन जनीच्या कानाशी वाकला. वाकता वाकता त्याची नजर पहिल्या रांगेवर पडली.

आणि तो गप्प झाला.

सुहासिनीला फटीतून त्याचा चेहरा दिसत होता. रंगाखाली तो नानांपुढे उभा राहतो तसाच झाला होता. तिला सुटल्यासारखं वाटलं. नाही बोलणार. देवा, नाही बोलणार हे. मधुसूदनचा हात कमरेशी गेला. चाळशी तिथे खोचलेली होती, शेवटच्या प्रवेशात सापडायची म्हणून. ती त्यानं बाहेर काढली आणि चिरक्या आवाजात म्हणाला, "अगं बाई! ही काय, चाळशी सापडली की!"

प्रवेश संपत होता. मावशीला आता दिसणार होतं, आणि कुणी चुकून काही बोलणार नव्हतं.

"वय काय गं तुझं?"

आवाज सुहासिनीच्या अगदी कानाशी आला. क्षणभर तिला कळलंच नाही की तो माईंचा आहे.

"अख्खं आयुष्य पडलंय पुढं!"

माई बसल्या जागेवरून बोलल्या होत्या, घरात मोलकरणीला हाक मारावी तशा खणखणीत. सगळ्या हॉलनं माना वळवल्या. स्टेजवर मधुसूदन हातात चाळशी धरून पुतळ्यासारखा उभा. तेव्हा दिवाकर, त्याला काय वाटलं कोण जाणे, चिकाच्या दिशेला वळला, अदबीनं म्हणाला, "नको मावशी," आणि लाडू उचलून तोंडात घातला.

हॉलभर हशा फुटला. मागच्या बाकांवर बसलेले इंजिनांचे फायरमन पाय आपटत होते. चिकाआड बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, एक म्हातारी तर हसता हसता रडायलाच लागली. त्या गदारोळात शास्त्रीबुवा उठले. नानांनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला, तो त्यांनी झटकला. पांढरी पगडी मधल्या वाटेनं सरळ दाराकडे गेली. ती बाहेर पडली तसं हसू खुर्च्याखुर्च्यांतून विझत आलं, आणि कुणीतरी घाईघाईनं पडदा पाडला.

माई पंखा उचलून वारा घेत होत्या. सुहासिनीनं त्यांच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही.

घरी जाताना टांगेवाला खुशीत होता. "आज तो खूब हँसे सब जने, बाईजी. बाहर लौं आवाज आ रई ती."

"जल्दी चलाओ, भैया," माई एवढंच म्हणाल्या.

नाना टांग्यात बसले नाहीत, चालत आले. दिवेलागणीला ते पोचले तेव्हा मधुसूदनही मागोमाग आला, कानामागे रंग तसाच. नानांनी टोपी काढून खुंटीला लावली. आत अंबिकेच्या खोलीत दिवा नव्हता.

"तो आवाज तुझा होता," नाना म्हणाले.

"हो," माई म्हणाल्या.

"भर सभेत. परक्या पुरुषांत."

"चिकाच्या आत होते मी."

"मला तोंड वर करून बोलतेस? माझ्या व्याह्यांसमोर माझ्या घरातली बाई..." नानांचा आवाज चढला आणि फाटला. सुहासिनीनं दाराची चौकट धरली. "नाना, चूक माझी आहे," मधुसूदन म्हणायला गेला, पण ते इतकं हळू होतं की कुणी ऐकलं नाही.

माई खाली बसल्या. पाय दुखत असावेत तशा.

"पहिल्या प्रवेशाला तुम्ही पोट धरून हसलात. मी नाही हसले. तुमच्या आत्याबाई आमच्या ओसरीवर हेच बोलल्या होत्या, माझ्या वडिलांपाशी. ‘वय काय त्याचं? अख्खं आयुष्य पडलंय पुढं.’ मी दाराआड होते. चौदावं लागलं होतं मला. तुम्ही सुतकातून उठून महिना झाला नव्हता आणि ही अंबी रांगत होती." त्या मधुसूदनकडे वळल्या. "तुला कुणी सांगितलं रे ते वाक्य?"

"कुणी नाही, माई. सगळेच म्हणतात ते."

"तेच तर. तेव्हापासून कानात बसलंय. आज तू अर्ध्यावर थांबलास, आणि माझ्या तोंडून पडलं. मी ठरवून बोलले नाही."

"रीत होती ती," नाना म्हणाले.

"मी कुठे म्हटलं नव्हती? रीत आहे म्हणून अंबीला मी एक वेळ जेवू घालते. ते पान तुम्हाला कधी बघावं लागत नाही. उचलते मी."

मग नानांनी विचारलं, "तिची ट्रंक भरलीय ना?"

"भरलीय," माई म्हणाल्या.

म्हणजे काहीच बदललं नव्हतं. सुहासिनी अंथरुणावर पडली तरी तिचे कान मागच्या खोलीकडे होते. तिथून रडण्याचा आवाज आला असता तर बरं वाटलं असतं. काहीच येत नव्हतं. शेजारी मधुसूदन भिंतीकडे तोंड करून पडला होता. "चाळशी काढायला नको होती मी," तो एकदा म्हणाला. ती चाळशी बाहेर आली तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं होतं, हे ती त्याला सांगू शकत नव्हती.

सकाळी शास्त्रीबुवा आले. टांगा दारात उभा ठेवून ते आत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. माईंनी पाण्याचा तांब्या पाठवला, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"या घरचं पाणी आता नको. बहूला बोलवा. आम्ही निघतो."

नाना उभे होते. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. सुहासिनी आतल्या दारात होती आणि तिला त्यांची पाठच दिसत होती. पाठीमागे एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटात रुतली होती.

"तिला ताप आहे," नाना म्हणाले.

सुहासिनीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. नानांना कुणी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. कचेरीत साहेबासाठीही ते खोटं लिहीत नसत.

"ताप?" शास्त्रीबुवा म्हणाले. "कधीपासून?"

"काल... रात्रीपासून. बराच आहे."

"मला नाडी कळते, यज्ञेश्वरराव. तुम्हाला ठाऊक आहे. चला, बघू द्या." ते आतल्या दाराकडे निघाले. सुहासिनी दारात होती. तिनं बाजूला व्हायला हवं होतं, पण पाय हलेनात. काठी तिच्यासमोर येऊन थांबली. "हटो, बेटी," ते म्हणाले. तिला मागे कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि तिच्या खांद्यावर एक हात पडला.

"नाडी बघायला नको," अंबिका म्हणाली. डोक्यावरून पदर घेऊन ती पुढं झाली. चेहरा पांढराफटक होता. "मला ताप नाही, मामंजी. नाना माझ्यासाठी खोटं बोलले. मी येणार नाही."

"काय?"

"मला प्रयागला जायचं नाही. मी येणार नाही."

"ही बोली तुझी नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "ही त्या फार्सातली बोली आहे. तिथे शिकलीस."

"मी फार्स बघितला नाही. मला कुणी नेलं नव्हतं."

शास्त्रीबुवांचा हात काठीवर आवळला. ते मधुसूदनकडे वळले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "माझा मुलगा गेला. अजून वर्ष झालं नाही. तुम्ही त्याच्यावर लोकांना हसवलंत."

मधुसूदननं तोंड उघडलं. आवाज यायला वेळ लागला. "तुमच्या मुलावर नव्हता तो, शास्त्रीबुवा."

"मग कुणावर होता?"

मधुसूदननं मान खाली घातली नाही.

"तुम्ही बोला," शास्त्रीबुवा नानांना म्हणाले. "घर तुमचं आहे की नाही?"

नाना अंबिकेकडे पाहत होते. किती तरी दिवसांत त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. ती समोर आली की ते पेपर उघडत. त्यांनी घसा खाकरला.

"प्रयागचा पास," ते म्हणाले, "मी आज कचेरीत परत करतो."

एवढंच. शास्त्रीबुवांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांची नजर सुहासिनीच्या पोटावर आली. "दोन महिन्यांनी इथे पाळणा बांधाल. तेव्हा बारशाला गावातून एक ब्राह्मण येतो का बघा. परकोट्यातलं एक घर तुमच्याकडे पाणी पिणार नाही. और सुन लीजिए, बात यहीं खत्म नहीं हुई." ते गेले. टांगा वळला, घोड्याच्या टापा कोपऱ्यापर्यंत ऐकू आल्या. नाना अजून तसेच उभे होते. मधुसूदननं त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

दिवसभर दाराला कान लावून घर बसलं. शेजारच्या कमळाबाई रोज विरजणाला यायच्या, त्या आल्या नाहीत. नळावर सुहासिनी गेली तशा दोन बायका बोलता बोलता थांबल्या. नाना कचेरीतून वेळेआधीच परतले आणि काही न बोलता खुर्चीत बसून राहिले. पास परत केला का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी मात्र कोट काढताना रिकामा खिसा उलटा करून झटकला.

दुपारी सुहासिनी चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. अंबिका येऊन समोर बसली आणि तिनंही शेंगा घेतल्या.

"वहिनी, काय झालं ते मला पहिल्यापासून सांग. लोक कुठे कुठे हसले?"

सुहासिनीनं सांगितलं. आधी अडखळत, दाराकडे बघत. मग खुंटीशी बोलणारी मावशी करून दाखवताना तिचा आवाज नकळत मधुसूदनसारखा लागला. आलवण नेसून बसलेला दिवाकर सांगताना मात्र ती थांबली. अंबिका म्हणाली, "सांग, सांग." माईंचं वाक्य आलं तेव्हा अंबिकेच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग जनीचं पुढं काय होतं? तिचं लग्न लावता?"

"शेवट त्यांना सुचलाच नव्हता. सगळे भांडत असतात आणि पडदा पडतो."

अंबिका विचारात पडली. "लग्नाचं राहू दे गं," ती म्हणाली. "आधी तिला तो लाडू नीट बसून खाऊ द्या म्हणावं. ‘नको मावशी, नको मावशी’ किती वेळ म्हणायला लावता बिचारीला?"

सुहासिनीला हसू फुटलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. त्याच वेळी रस्त्यावर टांगा वाजला. दोघी जागच्या जागी गोठल्या. टांगा दारापाशी हळू झाला, मग पुढं निघून गेला.

संध्याकाळी पुरुषांची पानं झाली. माईंनी बायकांसाठी पाट मांडले. रोज दोन मांडत, आज तीन मांडले. तिसऱ्या पाटापुढं ताट ठेवलं, भात वाढला, वर आमटी घातली, आणि मागच्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अंबे, निवतंय."

अंबिका आली. ताटाकडे पाहत उभी राहिली. माईंनी स्वतःच्या ताटात मीठ वाढून घेतलं, जणू काही विशेष घडत नव्हतं. ती बसली. तिनं पहिला घास कालवला, उचलला.

दारावर थाप पडली.

घास हवेतच राहिला. बाहेरच्या खोलीत नाना होते, मधुसूदन होता. पण कुणाच्याही पावलांचा आवाज आला नाही. खुर्ची कुरकुरली आणि गप्प झाली. पुन्हा थाप पडली, या वेळी जोरात, आणि दाराबाहेर एकापेक्षा जास्त माणसं बोलत असल्यासारखं वाटलं. सुहासिनीच्या पोटात बाळ जोरानं वळलं. अंबिकेनं घास ताटात ठेवला आणि ती उठायला लागली.

माईंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"तू जेव," त्या म्हणाल्या. "दार मी बघते."

त्यांनी खरकटा हात तांब्यातल्या पाण्यानं धुतला, पदर खोचला आणि त्या निघाल्या. सुहासिनीला वाटलं होतं, आपण बसल्या जागेवरून उठूच शकणार नाही. तिनं कोनाड्यातला कंदील उचलला आणि ती त्यांच्या मागोमाग गेली.